सासूबाईंचा चहा

जमिनीखाली तेल असतं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कारंजं उडतं. भोक पाडायचं, तेल उसळायचं, माणसांनी टोप्या हवेत फेकायच्या. असं ज्यांना वाटतं त्यांना एकदा नऊ नंबरच्या विहिरीवर आणून उभं केलं पाहिजे. तिथलं तेल नावालाच तेल, एरवी डांबराचं सख्खं भावंड. खाली वाफ सोडा, वर पंप लावा, नाकदुऱ्या काढा, ते आपलं खडकाला मिठी मारून बसलेलं. विहिरीवरच्या कामगारांनी तिचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं. का म्हणून विचारलं तर तिथले मुकादम गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "बसल्या जागेवरून हलत नाहीत, आणि हलल्या तर चार माणसं कामाला लावतात."

हे नाव तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेतही रूढ झालं आणि ताईंची पंचाईत झाली. ताई म्हणजे तिथल्या रसायनतज्ज्ञ. त्यांच्या घरी खऱ्याखुऱ्या सासूबाई होत्या आणि त्यांचे कान वयाच्या मानाने फारच तिखट होते. एकदा जेवताना ताई नवऱ्याला सांगत होत्या, "आज सासूबाईंच्या पोटात वाफ सोडली. आता दोन आठवडे झाकण लावून ठेवणार."

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "आणि मग पुरणार की जाळणार, तेही ठरवून ठेवा."

त्या वाफेबरोबर ताईंनी केलेली पूड विहिरीत गेली होती. निकेल आणि आणखी दोन धातूंची ती पूड इतकी बारीक होती की बरणीचं झाकण उघडताना श्वास धरावा लागे. अशा पुडीला उत्प्रेरक म्हणतात. ती स्वतः खर्ची पडत नाही, पण तिच्या सोबतीने वाफ तेलातले लांबलचक, एकमेकांत गुंतलेले रेणू तोडते आणि तेल खाली खडकातच पातळ होतं. ताई अकरा वर्षं या पुडीच्या मागे होत्या. तिच्यापायी त्यांनी तीन भट्ट्या जाळल्या, एका लग्नाला गेल्या नाहीत आणि उजव्या हाताची नखं कायमची काळी करून घेतली. आता नऊ नंबरवर निकाल लागणार होता. पूड चालली तर ती तिथल्या चाळीसही विहिरींत जाणार आणि ताईंना स्वतःचा विभाग मिळणार. नाही चालली तर डबे कपाटात, आणि ताई पुन्हा गाड्यांच्या वंगणाच्या तपासण्या करत बसणार. यात मधलं काही नव्हतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे साहेब. साहेबांनी त्या पुडीला कधी हात लावला नव्हता, कारण हात काळे होतात. पण प्रत्येक भाषणात ते सांगायचे, "उत्प्रेरक म्हणजे कोण? जो स्वतः न बदलता इतरांना बदलायला लावतो. मी या संस्थेचा उत्प्रेरक आहे." यावर प्रयोगशाळेत एका माणसाचंही दुमत नव्हतं. वीस वर्षांत बाकीचे सगळे झिजले होते आणि साहेब होते तसेच होते.

झाकण उघडायचा दिवस आला तेव्हा साहेबांनी एक मोठं पाऊल उचललं. त्यांनी बाटल्या बदलल्या.

आधी विहिरीवरून तेलाचा नमुना यायचा तो पत्र्याच्या रुंद डब्यात. मुकादम उलथन्याने खरवडून तो डब्यात थापायचे, डबा बाहेरून बरबटलेला, वर दोरी बांधलेली. साहेबांना ते बघवेना. एवढा मोठा प्रयोग, उद्या पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि टेबलावर हे डबे? त्यांनी काचेच्या सुंदर बाटल्या मागवल्या. सडपातळ, घासलेल्या काचेचं बूच असलेल्या, आणि गळा इतका अरुंद की त्यात करंगळी गेली असती तर ती बाहेर काढायला डॉक्टर लागला असता. दिवसातून तीनदा, सकाळी, संध्याकाळी आणि पहाटे, या बाटलीत नमुना भरून पाठवायचा, असा हुकूम सुटला. त्या गळ्यातून डांबर आत कसं जाणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्यांनी विचारायला हवा होता ते टेबलाशी होते, आणि ज्यांना तो पडला ते चौदा किलोमीटर लांब उन्हात उभे होते.

पहिली बाटली आली. ताईंनी ती ठरलेल्या तापमानाला आणली, तेल मापाच्या भांड्यात ओतलं, त्यात यंत्राची दांडी बुडवली आणि बटण दाबलं. दांडी तेलात फिरते, तेल तिला किती अडवतं ते यंत्र मोजतं, आणि घट्टपणाचा आकडा समोर येतो. पाण्याचा आकडा एक. मधाचा सात-आठ हजार. पूड घालण्याआधी सासूबाईंचा आकडा होता नव्वद हजार.

यंत्राने दाखवलं, नऊशे.

ताईंनी यंत्र पुसलं, दांडी बदलली, पुन्हा मोजलं. नऊशे वीस. तिसऱ्यांदा आठशे नव्वद. ताई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी बाटली नाकाशी नेली. तेलाला हलका, स्वच्छ, ओळखीचा वास होता, अगदी डिझेलसारखा. त्या वासाने त्यांना भरून आलं. जड रेणू तुटले तर हलकेच होणार, आणि हलक्या तेलाला डिझेलसारखाच वास येणार! अकरा वर्षं कागदावर मांडलेलं समीकरण बाटलीतून वास देत होतं. त्या दिवशी घरी जाताना त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"सासूबाई नऊशेवर आल्या," त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

"आता तेवढ्याच उरल्या का?" खऱ्या सासूबाई म्हणाल्या.

मग तीन महिने प्रयोगशाळेत नुसता आनंद. आकडा नऊशेच्या आसपास राहिला. पहाटेच्या बाटलीचा तर आणखी खाली, चारशे-साडेचारशे. पहाटे थंडी असते, थंडीत तेल घट्ट व्हायला हवं, आणि हे तर पातळ होत होतं. साध्या माणसाने इथे डोकं खाजवलं असतं. साहेबांनी शोधनिबंध लिहिला. पुडीचा परिणाम थंडीत वाढतो, असं त्यांनी अकरा पानांत सिद्ध केलं आणि त्या परिणामाला स्वतःचं आडनाव दिलं. ताईंचं नाव शेवटच्या पानावर तळटिपेत होतं, काचसामान पुरवणाऱ्या दुकानाच्या खाली. ताईंना राग आला, पण गिळला. पूड चालत होती ना? मग पुढचं सगळं आपोआप येणार होतं.

बाटल्यांबरोबर विहिरीवरची नोंदवही यायची. वेळ, दाब, तापमान आणि शेरा, असे चार रकाने. मुकादमांचं अक्षर मोठं आणि स्वच्छ. शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच वाक्य असे: 'चहा दिला. नमुना घेतला.' पहाटेच्या ओळीत: 'दोनदा चहा दिला. नमुना घेतला.'

प्रयोगशाळेत या वाक्याने धमाल उडवली. "बघा, कामचोरी करतात तीही लिहून!" एक जण म्हणाला. दुसऱ्याने भिंतीवर कागद चिकटवला, 'चहा दिल्याशिवाय नमुना मिळणार नाही.' ताईही पोट धरून हसल्या. घरी नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. साहेब मात्र हसले नाहीत. पुडीचा निकाल देणारे अध्यक्ष आणि त्यांची समिती पाहणीला येणार होती, वही त्यांच्या हाती पडली तर? साहेबांनी परिपत्रक काढलं: 'शेऱ्याच्या रकान्यात कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक खाण्यापिण्याच्या नोंदी करू नयेत.' दुसऱ्या दिवसापासून मुकादम लिहू लागले, 'जे द्यायचं ते दिलं. नमुना घेतला.'

ताईंचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, भिंतीला खिळ्यांवर लटकलेली चाकं, डब्यांत स्क्रू आणि सुया. समिती यायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. सुट्टीची दुपार होती. एका शिंप्याने माळ्यावर बारा वर्षं पडलेलं यंत्र आणून टाकलं होतं. आतलं जुनं तेल गोंदासारखं आवळून बसलेलं, चाक तसूभर हलत नव्हतं. ताई शेजारी बसून समितीसमोर दाखवायचे तक्ते तपासत होत्या.

"जोर लावा की," त्या म्हणाल्या.

"जोर लावून मोडायचंय का? थांब, आधी याला पाजतो. मग बघ कसं गुमान फिरतं ते." नवऱ्याने रॉकेलची कुपी उचलली आणि यंत्राच्या वरच्या भोकांत सावकाश थेंब सोडू लागला. पाचेक मिनिटं गेली. त्याने चाकाला बोट लावलं आणि चाक फिरलं. खालून काळं, पातळ पाणी गळायला लागलं.

ताई त्या गळणाऱ्या थेंबांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नऊ नंबरवर कॅन्टीन नाही."

"काय?"

"तिथे टपरी नाही, शेड नाही, प्यायचं पाणीसुद्धा टाकीतून जातं. पहाटे चार वाजता दोनदा चहा कुठून येतो हो?"

नवऱ्याने कुपी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरून ताईंना कळलं की त्यालाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाटल्या नेणाऱ्या जीपमध्येच चढल्या. साहेबांची परवानगी लागते म्हणून इतकी वर्षं त्या विहिरीवर फारशा गेल्याच नव्हत्या. ड्रायव्हरने विचारलं, "पास?" ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने गाडी सुरू केली.

मुकादमांना आनंद झाला. बाटल्या सुरू झाल्यापासून प्रयोगशाळेतून माणूस येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी उलटी बादली पुसून ताईंना बसायला दिली. नमुन्याची वेळ झाली होती. विहिरीच्या तोंडावरच्या जाड नळीला एक छोटी तोटी होती. मुकादमांनी पंपाशेजारचं डिझेलचं कॅन उचललं, तोटीला नरसाळं लावलं आणि एक मोठा मग भरून आत ओतला. मग नळीवर पान्याने ठोकलं, जरा थांबले आणि बाटली धरली. काळं तेल सळसळत अरुंद गळ्यातून आत गेलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"झाला चहा," मुकादम म्हणाले. "पहाटे गारठ्याने फार आखडतात, तेव्हा दोन मग लागतात."

ताईंनी कॅन नाकाशी नेलं. मग त्या म्हणाल्या, "मुकादम, हे... हे किती दिवस?"

"बाटल्या आल्या त्या दिवसापासून. त्या गळ्यातून डांबर जातंय होय? पहिल्या दिवशी दोन तास खटपट केली. मग म्हटलं, सासूबाई आहेत, चहा दिल्याशिवाय काय बोलणार?"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

मुकादमांना खरोखरच नवल वाटलं. "रोज लिहीत होतो की, ताई! वरून कागद आला, असं लिहू नका म्हणून. मला वाटलं, साहेबांना माहीत असेल, फक्त पाहुण्यांपुढे दिसायला नको असेल."

ताई बादलीवर बसून राहिल्या. नऊशेचा आकडा खोटा होता, साहेबांचा पहाटेचा परिणाम म्हणजे डिझेलचा दुसरा मग होता, आणि ज्या वासाने त्यांना रडू आलं होतं तो डिझेलसारखा नव्हता, डिझेलचाच होता. अकरा वर्षांवर पाणी पडलं म्हणायचीही सोय नव्हती, डिझेल पडलं होतं. मग त्या एकदम उठल्या.

"चहाशिवाय नमुना हवा. आत गेलेलं सगळं आधी वाहून जाऊ द्या. आणि तो जुना पत्र्याचा डबा आहे का?"

डबा होता. पाऊण तास लागला. नळीतलं पातळ तेल संपलं आणि मागून जाड, चकाकतं, काळं तेल सरकत आलं. मुकादम उलथनं घेऊन वाट बघत होते. त्यांनी उलथनं घातलं, जरा ढवळून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पूर्वीपेक्षा मऊ लागतंय हं. पूर्वी असं आपण होऊन येत नव्हतं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"मला काय पडलंय? हाताला कळतं ते सांगतो."

प्रयोगशाळेत जाऊन ताईंनी दार आतून लावलं आणि दांडी बुडवली. साठ हजार. तीन दिवसांत नऊ डबे आणले, नऊ वेळा मोजलं. एकोणसाठ, एकसष्ट, साठ, साठ. आधी नव्वद होता, आता साठ. तिसरा हिस्सा कमी! तोही विहिरीच्या तोंडाशी नाही, खाली, खडकात, दीड किलोमीटर खोल. पूड चालत होती. त्या नऊशेपुढे हा आकडा गरीब होता, पण खरा होता, आणि तो त्यांचा होता. ताई हसल्या, मग रडल्या, मग नाक पुसून दोन्ही आकडे एका तक्त्यात लिहून साहेबांकडे गेल्या.

साहेब भिंतीवर फलक लावून घेत होते. 'नव्वद हजारांवरून नऊशे' असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "नऊशेचे तुम्ही साठ हजार करून आणलेत."

"मी केले नाहीत, साहेब. नऊशे कधी नव्हतेच."

"आठवड्यापूर्वी होते. तुम्हीच सही केलीय, दोनशे सत्तर वेळा."

सह्या ताईंच्याच होत्या.

"हे पाहा," साहेबांचा आवाज मऊ झाला, "साठ हजार वाईट नाही. पण फलक छापून आलाय. समिती जाऊ द्या. मग सावकाश, टप्प्याटप्प्याने आपण आकडा वर नेऊ. दर महिन्याला थोडा थोडा. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"मी समितीला सांगणार."

साहेब शांतपणे म्हणाले, "सांगा. अवश्य सांगा." ताईंना तेव्हाच शंका यायला हवी होती, पण सत्य खिशात असलं की माणूस जरा हवेतच असतो.

समिती आली. पाच माणसं, पाच फायली, बिस्किटांची एक ताटली. अध्यक्ष वयस्क होते आणि प्रत्येक वाक्यानंतर मान हलवत, त्यामुळे समोरच्याला आपलं पटतंय असं वाटे. बाटल्या रांगेत मांडल्या होत्या आणि खरंच देखण्या दिसत होत्या. मागे मुकादमांना धुतलेला गणवेश घालून उभं केलं होतं. ताई उठल्या आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाटल्यांचा गळा, डिझेलचा मग, स्वतःच्या चुकीच्या सह्या, आणि शेवटी साठ हजारांचा खरा आकडा.

अध्यक्षांनी मान हलवली. "म्हणजे डिझेलने तेल नऊशेवर येतं?"

"नळीतलं येतं, हो. पण..."

"आणि तुमच्या पुडीने साठ हजारांवर?"

"हो, पण ते खाली खडकात. डिझेल फक्त नळीच्या तोंडाशी असलेलं वाटीभर तेल पातळ करतं. खालचं तेल जागचं हलत नाही. पूड रेणू तोडते. ते तेल पातळ होतं ते पातळच राहतं, आणि विहिरीकडे सरकतं. खरं काम तिथे..."

"नऊशे लहान की साठ हजार लहान?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"नऊशे," ताई म्हणाल्या.

"मग पूड कशाला?"

ताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता, घाम नव्हता, काहीच नव्हतं.

"माझ्या सहकाऱ्यांनी जो निष्कर्ष आत्ता मांडला, तोच मी समारोपात मांडणार होतो," ते म्हणाले. "गेले तीन महिने आम्ही एका द्रवरूप सहउत्प्रेरकाची चाचणी घेत होतो. तो कुठेही सहज मिळतो, द्यायला सोपा आहे, आणि त्याचे दोनशे सत्तर निकाल आपल्यासमोर आहेत. पहाटे मात्रा दुप्पट केली की परिणाम दुप्पट होतो, हेही आम्ही निबंधात सिद्ध केलं आहे. मूळ पुडीची आता आवश्यकता उरलेली नाही, हे ताईंनी प्रांजळपणे दाखवून दिलं. असा प्रांजळपणा विरळा. मी त्यांचं अभिनंदन करतो."

टाळ्या झाल्या. ताईंसाठीही झाल्या. समितीतल्या एका सदस्याने जाताना त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "स्वतःचं काम स्वतःच मोडीत काढायला धैर्य लागतं हो." ताईंना त्याच्या तोंडावर बिस्किटांची ताटली मारावीशी वाटली. त्यांनी ती मारली नाही, याचं त्यांना पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

महिनाभरात चाळीसही विहिरींना सहउत्प्रेरक सुरू झाला. विहिरींतून पूर्वी जेवढं तेल यायचं तेवढंच येत होतं, एक पिंपही जास्त नाही. पण नमुने अप्रतिम होते. सगळ्या विहिरी नऊशेच्या आत. नऊ नंबरवर पुडीचा जो परिणाम होता तो कोणी पुन्हा मोजला नाही, कारण चहाशिवाय नमुना घेणं आता नियमाविरुद्ध होतं. पुडीचे डबे कपाटात गेले. ताई वंगण तपासू लागल्या. घरी खऱ्या सासूबाईंनी चार दिवस सुनेचा चेहरा पाहिला आणि एकही टोमणा मारला नाही, त्यावरून काय ते समजावं.

एका सकाळी मुकादम प्रयोगशाळेत आले. त्यांच्या गणवेशावर नवी पट्टी होती, सहउत्प्रेरण पर्यवेक्षक. पट्टी इतकी लांब होती की खिसा झाकला गेला होता. ते दारातच उभे राहिले.

"ताई, मला झोप नाही. माझ्यामुळे झालं सगळं."

"तुम्ही काय केलंत? हुकूम आला, बाटली भरलीत."

"तुमची पूड खरंच चालत होती?"

"चालत होती. तिसरा हिस्सा."

"म्हणजे ते बरं की वाईट? मला खरंच कळत नाही, म्हणून विचारतो."

"फार बरं होतं, मुकादम," ताई म्हणाल्या. "इतकं बरं अजून कोणाला जमलं नसेल. पहिल्याच दिवशी डब्यात साठ हजार आले असते ना, तर मी नाचले असते. समितीही नाचली असती. पण आधी नऊशे आले."

मुकादमांनी बोटाने आपली पट्टी चाचपली. मग घुटमळत म्हणाले, "रागावू नका. एक विचारू? तुम्ही दांडी तीन तीनदा पुसून मोजणाऱ्या. वहीत शाईचा ठिपका पडला तर ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवून विचारणाऱ्या. तीन महिने वहीत रोज वाचत होतात, चहा दिला, चहा दिला. चहा म्हणजे काय, हे एकदाही कसं नाही विचारलंत?"

ताईंनी वंगणाची बाटली खाली ठेवली. यंत्र बंद केलं. उत्तर त्यांना त्या बादलीवर बसल्या होत्या तेव्हापासूनच माहीत होतं, पण ते अजून त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही सांगितलं असतंत."